एक घाव दोन तुकडे होईनात : लाकडं फोडायला नक्की काय घेऊ?

परतलेला | २४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा गावठी आहे, पण इथे विचारायला लाज वाटत नाही म्हणून विचारतो. २२ वर्षं पुण्यात काढून आता गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या जुन्या घरात राहायला आलोय. जूनच्या वाऱ्यात मागचा म्हातारा आंबा पडला, पडताना दोन आकेशिया घेऊन गेला आणि फणसाची एक जाडजूड फांदी पण. चेनसॉवाल्याने येऊन दीड-दीड फुटाचे ओंडके पाडून दिले, ते तेव्हापासून परड्यात तसेच पडलेत. घरात गॅस आहे, पण आईला आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या भाणातलंच (लाकडांवर तापणाऱ्या मोठ्या भांड्यातलंच) लागतं, गीझरने अंग भिजतं पण आंघोळ होत नाही असं तिचं म्हणणं. आणि चतुर्थीला तीसेक माणूस जेवायला असतं तेव्हा मागची चूल पेटतेच. तर म्हटलं जळण विकत कशाला घ्या, आपणच फोडू, पोट पण उतरेल.

ऑनलाइन एक कुऱ्हाड मागवली. दिसायला झकास, लाल दांडा, धार अशी की हातावरचे केस निघतात. पहिल्याच आंब्याच्या ओंडक्यावर जीव खाऊन घातली, ती दोन इंच आत गेली आणि तिथेच बसली. पाय लावून ओढली, हलवली, शेवटी ओंडक्यासकट उचलून आपटली तेव्हा सुटली. असं सात-आठ वेळा झालं, ओंडका जसाच्या तसा, वर फक्त मांजराने ओरबाडल्यासारख्या रेघा. शेजारचे तात्या गडग्यापलीकडून (कुंपणाच्या दगडी भिंतीपलीकडून) बघत होते, ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

तर नक्की काय घेऊ? वजन किती असावं? की दोष माझाच आहे?

काजूबोंड | २४ नोव्हेंबर

दोष अर्धा तुझा, अर्धा कुऱ्हाडीचा. अरे ती झाड तोडायची कुऱ्हाड आहे, लाकूड फोडायची नव्हे. दोन्ही कामं वेगळी. झाड तोडताना लाकडाच्या रेषा, म्हणजे उभे तंतू, आडव्या कापायच्या असतात म्हणून पातं पातळ आणि धार तेज लागते. फोडताना काही कापायचंच नसतं, रेषांच्या मधे शिरून त्यांना बाजूला ढकलायचं असतं. त्यासाठी डोकं जाड लागतं, पाचरीसारखं, गालफुगं. पातळ पातं लोण्यासारखं आत जातं आणि दोन्ही बाजूंनी लाकूड त्याला चिमटीत धरतं, तुझं तेच झालं. जाड डोकं दीड इंच आत गेलं की पुढचं लाकूड आपणहून उकलत जातं.

धारेचं म्हणशील तर फोडायच्या कुऱ्हाडीला केस काढायची धार नकोच. कानस मारून सरळ असली, कुठे दात पडलेले नसले, की पुरे.

ती लाल दांड्याची टाकून देऊ नको, फांद्या साळायला उपयोगी पडेल.

हिशोबी_बाबू | २४ नोव्हेंबर

वजनाबद्दल सांगतो. घावातली ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचं अर्ध गुणिले वेगाचा वर्ग. वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट, पण वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणजे ४ किलोचं धूड रडत-खडत उचलण्यापेक्षा २ किलोची कुऱ्हाड सपकन आली तर जास्त काम करते. परदेशात फोडायला जी जड बोथट कुऱ्हाड वापरतात, मॉल म्हणतात तिला, ती साधारण पावणेतीन ते साडेतीन किलोची असते. आपल्यासारख्या खुर्चीत बसलेल्या माणसाने दोन-सव्वादोन किलोपासून सुरुवात करावी असं माझं मत.

सत्तरीचो_पाव्हणो | २४ नोव्हेंबर

बाबू, वेग वाढवायला हात लागतात रे, वर्ग नव्हे 😀

हिशोबी_बाबू | २४ नोव्हेंबर

मान्य. पण हात सगळ्यांना दोनच असतात, म्हणून तर वजनाचा विचार करायचा.

माणगा | २५ नोव्हेंबर

मी सावंतवाडीचा, आमच्याकडे अजून रोज चूल आहे म्हणून लिहितो. ऑनलाइन वगैरे सोडा, म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात जा, तिथे कोयते-कुऱ्हाडी घेऊन बसलेले असतात, किंवा त्याहून बरं म्हणजे गावातल्या लोहाराकडे जा. त्याला सांगा ट्रकच्या कमानपाट्याची करून दे, फोडायची आहे, गाल जाड ठेव. कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, धक्का खातं, तुटत नाही. लोहार फक्त धारेकडच्या बोटभर भागाला पाणी देतो, म्हणजे तापवून बुडवून कडक करतो, मागचा भाग मऊ राहतो, ते मुद्दाम असतं. म्हणून पुढे कधी धार लावायला ग्राइंडरवाल्याकडे देऊ नका. चाकावर तापून धार निळी पडली की पाणी गेलंच समजा, मग ती कुऱ्हाड दर दोन दिवसांनी लोळते. कानस आणि हात, एवढंच.

दांडा बघताना दोन प्रकार आहेत. तुमची ऑनलाइनवाली असेल तिचा दांडा खालून नेढ्यात (डोक्याच्या भोकात) घालून वर पाचर ठोकलेली. आपल्या कोकणी कुऱ्हाडीला गोल नेढं, दांडा वरून घालतात, वरचं टोक जाड असल्यामुळे डोकं पुढे निसटूच शकत नाही, जितकं झटकाल तितकं घट्ट बसतं. सैल वाटलं की दांडा उलटा, डोकं खाली असा उभा धरून वरचं जाड टोक चिऱ्यावर आपटायचं. नवीन माणसाला हाच प्रकार बरा, कारण पाचरवाल्याचा दांडा पावसात फुगतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात आक्रसतो, मग डोकं उडतं. पाण्यात बुडवून ठेवतात काही लोक, ते चार दिवसांचं सुख, लाकूड फुगताना आतल्या आत चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं.

दांडा माणग्याचा. (माझं नाव त्यावरूनच आहे, हसू नये.) माणगा म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ भरीव, काटे नसलेला बांबू, सिंधुदुर्गात आणि गोव्यात बांधाबांधावर असतो. हाताला झटका कमी लागतो. लाकडाचा हवा तर धामण, ती वाकते पण मोडत नाही. सागाचा नको, सरळ दिसतो पण कडकन जातो.

आळशी_अस्वल | २५ नोव्हेंबर

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच का?

माणगा | २५ नोव्हेंबर

आंब्याला तर माणगा गोतातला नाही. आरामात घाला.

न्हाणीवाली_ताई | २५ नोव्हेंबर

सगळे दादा लोक कुऱ्हाडीवर तुटून पडलेत म्हणून मी लिहिते. आमच्या घरी भाण रोज तापतो आणि गेली पंधरा वर्षं जळणाचं खातं माझ्याकडे आहे. खरं सांगू का, भाणाला फोडलेलं लाकूड अर्धंच लागतं, बाकी सोडणं, करवंट्या, चुडतं, पिढे असल्या माडाच्या वाळलेल्या वस्तूंवर चालतं. कुऱ्हाड मी आठवड्यातून एकदा उचलते. रोजचं हत्यार कोयता. मनगटाएवढा तुकडा उभा ठेवायचा, कोयत्याची धार त्याच्या डोक्यावर टेकवायची, उगारायचं नाही, टेकवायची, आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडाच्या जाड दांडक्याने ठोकायचं. कोयता रेषेरेषेने खाली उतरतो, बोटाएवढ्या चिपा पडतात, बसल्या बसल्या काम होतं. लोखंडी हातोडीने मात्र ठोकायचं नाही, कोयत्याची पाठ फुटते. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्या पण हे करतात.

परतलेला, तुमच्या आईंना विचारा, त्यांना ठाऊक असणार. उगाच बाजारात पळू नका.

परतलेला | २५ नोव्हेंबर

ताई, विचारलं. आई म्हणाली "तू विचारलं कधी?" आता काय बोलणार.

पण मोठे ओंडके आहेत ना, काही तर माझ्या कमरेएवढे जाड. त्याला कोयता काय करणार.

चिऱ्याची_भिंत | २६ नोव्हेंबर

मोठ्या ओंडक्याला कुऱ्हाड नव्हेच, पाचर आणि घण. दोन लोखंडी पाचरी घ्या आणि चार-पाच किलोचा घण. ओंडक्याच्या डोक्यावर वाळून पडलेली जी मोठी चीर असते, मधून बाहेर जाणारी, त्या चिरेत पाचर हलक्या हाताने उभी करा, मग दणके द्या. चीर खाली पळते, त्या चिरेत पुढे दुसरी पाचर घाला, पहिली मोकळी होते, ती काढून आणखी पुढे. लांब ओंडका आडवा असला तरी असंच, एकामागून एक चालत जायचं. शेवटी दोन्ही अर्ध मधल्या धाग्यांनी लोंबकळत राहतात तेव्हा पहार घालून उचकटायचं, त्याचा आवाज फार गोड असतो.

आता दोन गोष्टी ज्या मी स्वतःच्या अंगावर शिकलो. पहिली, अडकलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारू नका. सगळे मारतात, मी पण मारला. कुऱ्हाडीचं नेढं दोन्ही बाजूंनी पातळ असतं, ते घणाने पसरतं, मग कुठलाच दांडा बसत नाही. आमच्या आजोबांची कुऱ्हाड अशी मी घालवली, अजून कोणाला सांगितलं नाही. दुसरी, पाचरीचं डोकं मार खाऊन खाऊन अळंब्यासारखं पसरतं, कडेला पाकळ्या सुटतात. त्या पाकळ्या ग्राइंडरने वेळच्या वेळी काढा (इथे ग्राइंडर चालतो, डोकं आहे, धार नव्हे). मी काढल्या नव्हत्या. एक पाकळी उडून दंडात घुसली, रक्त एवढंसंच आलं म्हणून मी फडकं बांधलं, तीन दिवसांनी हात सुजला, एक्स-रेत तुकडा दिसला. तो दंडाऐवजी डोळ्यात गेला असता तर. तेव्हापासून घण हातात घेतला की चष्मा, कोणी कितीही हसो.

घणावर घण किंवा हातोडीवर हातोडी हे तर कधीच नको, दोन्ही कडक पोलाद, कपची गोळीसारखी सुटते.

पावसाळी_बेडूक | २६ नोव्हेंबर

लाकडाच्या पाचरी पण चालतात बरं का. वाळलेल्या आकेशियाच्या करायच्या, चीर एकदा पडली की रुंद करायला पुरतात, फुकटात होतात आणि कुऱ्हाड चुकून त्यावर बसली तरी धार वाचते.

सत्तरीचो_पाव्हणो | २६ नोव्हेंबर

आमचा काजीचा (काजूचा) धंदा, दारू गाळायची भाटी आहे, फेब्रुवारी अखेरपासून मे पर्यंत जळणाशिवाय दुसरा विषय नसतो म्हणून चार ओळी. हत्यार नंतर, आधी लाकडाक वळख.

आंबा: सरळ वाढलेला असला तर ओला असतानाच फुटतो, पण जुन्या झाडाला पीळ असतो, रेषा दोरीसारख्या वळत जातात, तिथे घाव उतरतो आणि वळून बाहेर येतो. शिवाय आंबा जमिनीवर ठेवलास की भुसा पडायला लागतो, किडा आत. जूनपासून पडलाय म्हणतोस, साल काढून बघ.

आकेशिया: आमच्या कातळावर वनखात्याने लावून ठेवली, शिव्या सगळे देतात पण जळण म्हणून एक नंबर. ओली असताना फोड, वाळली की दगड. तुझी पाच महिन्यांची, त्यात तीन-चार महिने पावसात भिजलेली, अजून वेळ गेली नाही. आधी तीच घे.

फणस: चीक, आणि रेषा एकमेकांत गुंतलेल्या. चिवट. पण मोठा फणस जाळायला मन होत नाही, जाड तुकडा सरळ असेल तर सुताराला दाखव.

काजी: वाकडी-तिकडी, बुटकी, फोडायला कंटाळा, आम्ही फोडत नाही, तशीच सारतो.

सुरू: किनाऱ्याकडच्या लोकांनी विचारलं तर, सुरूसारखं जळण नाही, ओली पण पेटते.

माड: फोडूच नका. त्याला आत रेषा-वर्तुळं काही नसतात, नुसते उभे दोरे, बाहेर लोखंड आणि आत भुसा. कुऱ्हाड फसते आणि धूर होतो. पूर्वी माडाचे खोड ओहोळावर सांकव म्हणून टाकायचे, ते खरं काम.

चिंच: दुसऱ्याला फोडायला द्यावी.

काजूबोंड | २६ नोव्हेंबर

शेवटची ओळ 👌

आळशी_अस्वल | २६ नोव्हेंबर

हायड्रॉलिक मशीन मिळतं ना आता, बटन दाबलं की फुटतं. एवढं महाभारत कशाला.

काजूबोंड | २६ नोव्हेंबर

एका आंब्यासाठी मशीन घ्यायचं म्हणजे एका जिलबीसाठी कढई घेण्यासारखं. आणि धाग्याचं नाव वाच.

न्हाणीवाली_ताई | २७ नोव्हेंबर

सत्तरीवाल्या दादांनी एक सांगितलं नाही, ते मी विचारते. किती जाड फोडायचं? आमच्याकडे मनगटाएवढं ठेवतात.

सत्तरीचो_पाव्हणो | २७ नोव्हेंबर

बरं विचारलंत ताई. तेच तर मुख्य. चुलीला मनगटाएवढं बरोबर, पटकन धरतं, आग कमी-जास्त करता येते. भाटीला उलटं. नीरो (काजूबोंडाचा रस) भाणात तापवताना आग एकसारखी मंद पाहिजे, भडकली की सगळं उतू जाऊन नळीतून लावणीत (दारू जमा होते त्या मडक्यात) येतं आणि दिवस फुकट. म्हणून आम्ही मांडीएवढे ओंडके ठेवतो, एक टोक आत, बाकी बाहेर, जसं जळेल तसं पुढे सारत जायचं. उर्राक (पहिल्या धारेची दारू) काढताना एका ओंडक्यावर माणूस जेवून येतो. बारीक फोडलेलं लाकूड भाटीवर आणून दिलंत तर आमचे लोक परत पाठवतील. तेव्हा परतलेला, अर्धं जाड ठेव, चतुर्थीच्या मोठ्या टोपाखाली तेच लागणार आहे, सगळ्याची काडी करू नको. भाणाला एक जाड, दोन बारीक.

हिशोबी_बाबू | २७ नोव्हेंबर

बारीक फोडण्यामागे अजून एक कारण, वाळणं. लाकडातलं पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून जातं, सालीतून फार कमी. साल ही झाडाने पाणी आत राखायलाच केलेली असते. म्हणून न फोडलेला गोल ओंडका वर्षभर पडून राहिला तरी आत ओला असू शकतो. फोडला की बाजू उघडी पडते. ताज्या लाकडात पाणी वजनाच्या निम्म्यापर्यंत असू शकतं, चांगलं जळायला ते २० टक्क्यांच्या आत यावं लागतं, नाहीतर बरीच आग पाणी उकळण्यातच जाते आणि स्वयंपाकघर धुराने भरतं ते वेगळं. तपासायला दोन तुकडे एकमेकांवर वाजवा, वाळलेलं टणटण वाजतं, ओलं ढप्प.

परतलेला | २७ नोव्हेंबर

मंडळी, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. रविवारी लोहाराकडे जातो. उभं कसं राहायचं ते कोणी सांगेल का, दोनदा पायाजवळून गेली.

माणगा | २७ नोव्हेंबर

दोन पाय खांद्याइतके फाकवून समोरासमोर, एक पाय पुढे एक मागे नको. ओंडका थेट जमिनीवर ठेवू नका, खाली दुसरा रुंद जाड ठोकळा हवा, म्हणजे घाव चुकला तर कुऱ्हाड ठोकळ्यात जाते, तुमच्या नडगीत नाही. ठोकळा गुडघ्याच्या खालीच, उंच झाला तर ताकद जात नाही. घाव येताना गुडघे वाकवा, कंबर नव्हे, म्हणजे कुऱ्हाड शेवटी जमिनीला समांतर येते. हात उगारताना एक हात कुऱ्हाडीच्या डोक्याजवळ, येताना तो सरकत खाली दुसऱ्या हातापाशी. आणि दांडा आखूड घेऊ नका, लोकांना वाटतं आखूड म्हणजे सोपा, उलट आहे, आखूड दांड्याची कुऱ्हाड चुकली की वळून पायावरच येते, लांब असली तर समोर जमिनीत रुतते. तीन फूट ठेवा.

घाव ओंडक्याच्या मधोमध घालू नका, विशेषतः मोठ्या. कडेकडेने घ्या, अननसाची साल काढतात तसं, भोवती फिरत एक-एक ढलपी. मधला गाभा शेवटी एका घावात जातो. गाठ असेल ती खाली ठेवा, आणि जिथे दोन फांद्या फुटल्यात तो बेचका सोडून द्या, त्याच्यावर राग काढू नका, त्याला करवत.

स्लिपर घालून तर नकोच.

पावसाळी_बेडूक | २८ नोव्हेंबर

एक जुगाड. गॅरेजमधून गाडीचा जुना टायर आणा, ठोकळ्यावर ठेवून दोन खिळे मारा, ओंडका टायरच्या आत उभा करा. फुटलेले तुकडे आतच उभे राहतात, दर घावाला वाकून गोळा करायला नको, आणि चुकलेला घाव रबरावर. माझी अर्धी पाठदुखी या टायरने गेली.

चिऱ्याची_भिंत | २८ नोव्हेंबर

आणि ओंडके उचलताना आधी पहारीने किंवा काठीने उलटवा, थेट हात घालू नका. जूनपासून पडलेला ढीग म्हणजे फुरशाचं आणि मण्यारचं घर. विंचू तर गृहीत धरा. नवीन रचताना खाली चिरे, त्यावर दोन वासे, मग लाकूड, भिंतीपासून हातभर लांब. वरून पत्रा, बाजू उघड्या. चारी बाजूंनी निळी ताडपत्री गुंडाळतात लोक, आत वाफ कोंडते आणि बुरशी येते.

बांधावरचा_खोत | २८ नोव्हेंबर

मधेच एक सांगून ठेवतो. पडलेल्या झाडाचं ठीक आहे, पण हुरूप येऊन उभ्या झाडाला हात लावू नका कोणी. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, स्वतःच्या जागेतलं असलं तरी वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि लाकूड टेम्पोत घालून दुसरीकडे नेणार असाल तर आधी खात्यात विचारा.

रानातलं ओळखीचं नसलेलं लाकूड तर जळणात घेऊच नका. रानबिब्बा ओला हाताळला तर अंगावर फोड येतात, धूरही वाईट. खाडीकडे गेवा असतो, त्याचा चीक डोळ्यात गेला तर दिसेनासं होतं.

सत्तरीचो_पाव्हणो | २८ नोव्हेंबर

बिब्ब्याला +१. आमचा एक गडी पंधरा दिवस तोंड सुजवून बसला होता.

परतलेला | १४ डिसेंबर

अपडेट देतो. लोहाराकडे गेलो, त्याने विचारलं कोण फोडणार, म्हटलं मी, त्याने मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला "दोन किलोची करतो." हिशोबी_बाबू, तुमचा वर्ग त्याला नजरेनेच कळला. गाल जाड, गोल नेढं, माणग्याचा दांडा. घण आणि पहार तात्यांनी दिली, पाचरी दोन विकत घेतल्या.

आकेशिया आधी घेतली. पहिला घाव कडेला घातला, ढलपी खटकन बाजूला पडली. मी इतका दचकलो की दुसरा घाव घालायच्या आधी इकडे तिकडे बघितलं कोणी पाहिलं का. दोन आठवड्यांत, रोज सकाळी पाऊण तास, आकेशिया संपली. आंब्याची साल काढली तर सत्तरीच्या पाव्हण्यांनी सांगितलं तसा खाली भुसाच भुसा, चार ओंडके आत पोकळ निघाले, बाकी बरे आहेत. पीळ असलेले दोन मात्र हटत नाहीत, एकात पाचर अर्धी आत जाऊन बसली आहे आणि आता ती पाचर काढायला दुसरी पाचर लागतेय.

ढीग उलटवताना खरंच एक फुरसं निघालं. चिऱ्याची_भिंत, काठी होती हातात म्हणून, नाहीतर मी सरळ मिठी मारून उचलणार होतो. पुढे काय केलं विचाराल तर काही नाही, मी घरात, ते गडग्यात.

चिऱ्याची_भिंत | १४ डिसेंबर

वाचलास. अडकलेल्या पाचरीच्या शेजारी त्याच रेषेत दुसरी घाल, समोरच्या टोकाला, आडवी नको. नसेल येत तर ओंडका उलटा करून खालच्या बाजूने घे, कधी कधी तळाकडून रेषा जास्त सरळ असतात.

माणगा | १५ डिसेंबर

दांड्याला करंजेल (करंजाचं तेल) लावा महिन्यातून एकदा. आणि कुऱ्हाड ठोकळ्यात रुतवून रात्रभर बाहेर ठेवू नका, दवाने गंजते, शिवाय पोरं हात लावतात.

परतलेला | ९ फेब्रुवारी

आंबा संपला, एक सोडून. फणस सुताराकडे गेला, तो म्हणाला दोन पाट आणि एक पोळपाट निघेल, आईने लगेच पाट सांगून टाकले. एकूण जळण मागच्या पडवीत कंबरेएवढं, आठ हात लांब रचलंय. जाड वेगळं, बारीक वेगळं. वाजवून बघतो रोज, अजून काही ढप्प आहेत, मे पर्यंत होतील. पोट उतरलेलं नाही, भूक वाढली.

जो राहिला तो बेचक्याचा ओंडका, पीळ, गाठ, सगळं एकत्र. पाचर काढली त्यातली एकदाची (तळाकडून, तुमचं बरोबर निघालं). मग त्याचा नाद सोडला आणि मागच्या दारात उभा ठेवला. तात्या आता सकाळी गडग्यापलीकडून बघत नाहीत, येऊन त्याच्यावर बसतात, चहा घेतात आणि माझा डावा हात कसा चुकतो ते सांगतात.

न्हाणीवाली_ताई | ९ फेब्रुवारी

भाणाखाली कोण घालतं मग लाकडं?

परतलेला | ९ फेब्रुवारी

आई. मी घातलेलं तिला पटत नाही, म्हणते फार कोंबतोस, हवा कुठून जाणार. कोयत्याने चिपा पण तीच काढते, मला ते अजून नीट जमत नाही.

सत्तरीचो_पाव्हणो | १० फेब्रुवारी

आमच्याकडे पंधरा दिवसांत भाटी लागेल. तो बेचका बसायचा कंटाळा आला की इकडे धाड, रात्रभर पुरेल.

चिऱ्याची_भिंत | १० फेब्रुवारी

तात्यांचा घण परत केलास का?

परतलेला | १० फेब्रुवारी

उद्या करतो.